ऋतुमानानुसार आहार : यात्रेकरूंसाठी आयुर्वेदाचे मार्गदर्शन

महाड-पोलादपूर परिसरात येणारे भाविक श्रीवीरेश्वराचे दर्शन घेतात, शिवथरघळीत समर्थांच्या स्मृतीपुढे नतमस्तक होतात, रायगड चढतात आणि आंबेनळी घाटाने प्रतापगडच्या भवानीमातेकडे जातात. हा प्रवास चढणीचा, घाटवळणांचा आणि पावसाळ्यात धुवाधार वृष्टीचा असतो. अशा वेळी आहारातील अनियमामुळे पुष्कळदा प्रकृती बिघडते व दर्शनाचा आनंद हिरावला जातो. म्हणून हे चार शब्द.

आयुर्वेदाने आरोग्य हे वात, पित्त व कफ या तीन दोषांच्या साम्यावर अवलंबून मानले आहे. अन्नाचे रस सहा. मधुर, अम्ल व लवण रस वाताचे शमन करतात. मधुर, तिक्त व कषाय पित्ताचे. तर कटु, तिक्त व कषाय कफाचे. दोषांचे बळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून एकच पदार्थ सर्वांना सर्वकाळ हितकर ठरत नाही. वाग्भटाचार्यांच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय या ऋतुचर्येलाच वाहिलेला आहे.

वर्षा ऋतू : या काळात जठराग्नी मंद होतो व वात प्रकुपित होतो. ग्रंथकारांनी जुने धान्य व कडधान्यांचे यूष, म्हणजे कढण, सांगितले आहे. जुन्या तांदळाची पेज, मुगाचे वा कुळथाचे कढण, आल्याचा तुकडा व थोडे तूप हा आपल्या भागातील साधा आहार त्यास अनुरूप आहे. अम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी कुळीथ बेतानेच घ्यावा. या ऋतूत नदीचे पाणी वर्ज्य मानून विहिरीचे किंवा उकळलेले पाणी प्यावे, असे वाग्भट सांगतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा या उपदेशाचे मोल सर्वांस कळले. पुरानंतर विहिरीही दूषित होतात. तेव्हा पाणी उकळूनच प्यावे.

शरद ऋतू : नवरात्राच्या या दिवसांत पित्त वाढते. तांदूळ, मूग, पडवळ, आवळा व तूप हितकर. दही, तेल व अति तिखट टाळावे. उपवासास तेलकट, मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याने जळजळ होते. साबुदाणा ज्या टॅपिओका कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील, त्यामुळे प्राचीन ग्रंथांचा त्यास आधार नाही. वरीचा भात व तूप हा पर्याय सुटसुटीत आहे.

हेमंत व शिशिर : अग्नी प्रबळ असतो. नवे तांदूळ, दूध, तूप, तीळ-गूळ हे पौष्टिक पदार्थ याच दिवसांत पचतात.

वसंत व ग्रीष्म : वसंतात कफ वाढतो, जड व अति गोड अन्न कमी करावे. ग्रीष्मात मधुर, हलके, शीत व पातळ अन्न घ्यावे. खारट, आंबट, तिखट मर्यादित ठेवावे. चैत्र पौर्णिमेस शिवपुण्यतिथीसाठी रायगडावर जाणाऱ्यांनी पहाटे चढण सुरू करावी व सोबत पुरेसे पाणी ठेवावे.

सर्व ऋतूंत पाळावयाचा नियम मात्रेचा. पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा व एक भाग मोकळा ठेवावा, असे वाग्भटांनी सांगितले आहे. घाटात निघण्यापूर्वी हा नियम विशेष पाळावा. दूध व मासे यांचा संयोग तसेच रात्रीचे दही ग्रंथांनी निषिद्ध ठरविले आहे.

मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी चालू औषधे बंद करून उपवास करू नये. आपल्या वैद्यांचा अथवा डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. भक्तीने केलेला फलाहार वा अल्पाहारही देवास मान्य आहे.

अन्नदान करणाऱ्या दानशूर भाविकांना एक नम्र विनंती. श्रावणात मंद झालेल्या अग्नीस तळलेली मिठाई भार होते. त्याऐवजी जुने तांदूळ, मूगडाळ, कुळीथ वा शुद्ध तूप यांचे दान करावे. त्यात वृद्ध व बालके यांचीही सोय होते. अन्नदानाचे पुण्य पदार्थाच्या किमतीत नसून तो जेवणाऱ्याच्या अंगी लागण्यात आहे.

सर्व भाविकांची यात्रा निरामय व सुफल होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.