प्लगची वायर : लाल की पिवळी?

शंका : माझ्या आरएक्स १०० ची टाकी नुकतीच लाल रंगवून घेतली. प्लगची वायरही लाल टाकावी म्हणतो. दुकानदार म्हणतो, ८ एमएमची सिलिकॉन वायर टाका, पिकअप वाढेल. हे खरं का? — एक वाचक, सांगली

समाधान : लाल जरूर टाका, जुनी गाडी जपणाऱ्यानं एवढी हौस करायलाच हवी. पण रंग सगळ्यात शेवटी बघा, आधी वायर आतून बघा. कापलेल्या टोकाला तांब्याच्या बारीक तारांचा पीळ दिसला पाहिजे. कारसाठी मिळणाऱ्या रंगीत वायरींत बरेचदा तांब्याऐवजी कार्बनचा धागा असतो. तुमची प्लग कॅप वायरीवर फिरवून बसवायची असते. तिच्यातला टोकदार स्क्रू तांब्याच्या पिळात घट्ट रुततो, पण कार्बनच्या धाग्यात त्याला पकड मिळत नाही. मग तिथल्या तिथेच ठिणगी उडत राहते, धागा जळत जातो आणि चार दिवसांनी गाडी मिसिंग करू लागते.

तांब्याच्या वायरीला स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ नसतो, तो कॅपमध्ये असतो, साधारण ५ किलोओहम. सीडीआयला विजेच्या गोंगाटापासून वाचवायला तो लागतो. म्हणून रंग जुळतो एवढ्यासाठी बिनरेझिस्टन्सची कॅप घेऊ नका.

पिकअपचं म्हणाल, तर प्लगचा गॅप ओलांडायला लागतो तेवढाच व्होल्टेज कॉइल चढवते. जुनी वायर धड असेल, तर नव्या वायरीनं गाडी जास्त पळणार नाही. शिवाय बहुतेक कॅप ७ एमएमसाठी असतात. जाड वायर दामटली की रबर नीट बसत नाही आणि पावसाचं पाणी आत शिरतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. अनेक कॉइलमध्ये वायर आतच ओतून बसवलेली असते, ती ओढून निघत नाही. कापून सांधा मारणं मला बिलकूल पटत नाही. तसं असेल तर कॅप फिरवून काढा आणि जुन्या वायरीवर लाल सिलिकॉनची नळी चढवा. रंग मिळेल आणि कॉइलही शाबूत राहील.

शंका : बुलेटला बाजारातून मीटरवर पिवळी वायर आणून टाकली. पाऊस पडला की गाडी फटफट करते, बंद पडते. — एक वाचक, चिपळूण

समाधान : रात्री अंधारात गाडी चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीनं वायरीवर व कॅपवर पाण्याचा फवारा मारा. निळ्या ठिणग्या फिन्सकडे सरकताना दिसल्या, तर वीज तिथूनच गळतेय. हात मात्र लांब ठेवा, झटका जबर बसतो.

उरलेल्या तुकड्याला गरम सोल्डरिंगचं टोक लावून बघा. वितळून चिकट झाला तर ते पीव्हीसी आहे आणि सिलेंडरच्या उष्णतेजवळ ते टिकत नाही. सिलिकॉन वितळत नाही, पण त्याची साल मऊ असते, धारदार कडेला घासली की लगेच फाटते. नवी वायर टाकाल तेव्हा ती फिनच्या कडेला आणि टाकीखालच्या पत्र्याला लागणार नाही अशी क्लिपनं बांधा.