वाद्यपथकांची परीक्षा : गुण कसे पडतात?

कुंडलच्या मैदानावरील कुस्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. मल्लाची पाठ मातीला लागली की निकाल झाला; मग पंचास फारसे बोलावे लागत नाही, व प्रेक्षकांच्या मनातही शंका राहत नाही. वाद्यपथकांच्या स्पर्धेत तसे होत नाही. दहा पथके येतात, दहाही वाजवून जातात, आणि मेजामागे बसलेले तीन गृहस्थ कागदावर आकडे मांडून सांगतात की अमुक पहिले व अमुक सातवे. गतवर्षी आपले ढोल-ताशा-लेझीम पथक बाहेरगावच्या एका स्पर्धेतून रिकाम्या हातांनी परत आले, तेव्हा एका पालकांनी मला शाळेच्या फाटकातच गाठले. ‘‘मास्तर, आपल्या पोरांचा ढोल तर सगळ्यात मोठ्यानं वाजत हुता. मग नंबर कसा गेला?’’ प्रश्न रास्त होता. परंतु फाटकात उभ्या उभ्या उत्तर देण्याजोगा नव्हता. म्हणून ते उत्तर येथे लिहीत आहे.

प्रथम मोठ्या आवाजाविषयी. तो गुण खरा, पण ढोलाचा व मनगटाचा, पथकाचा नव्हे. परीक्षक ऐकत असतो ते हे की, वीस ढोलांवरचा ठोका एक होऊन कानी पडतो, की त्याची फरफट होते. येथे विज्ञानाच्या तासाला शिकविलेली एक गोष्ट आडवी येते. ध्वनी हवेतून दर सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. पथकाची पहिली व शेवटची रांग यांत ५१ मीटर अंतर धरा, म्हणजे भागाकार सोपा होईल. पुढच्या ताशाचा ठोका मागच्या ढोलवाल्यापर्यंत पोहोचण्यास ०.१५ सेकंद लागेल. तो ऐकून त्याने टिपरू मारले, तर त्याचा आवाज पुढे बसलेल्या परीक्षकापर्यंत येण्यास आणखी ०.१५ सेकंद. लय मिनिटास १२० ठोक्यांची असली तर दोन ठोक्यांतील अंतर अवघे अर्धा सेकंद असते. म्हणजे मागचा मुलगा आपल्या मते बिनचूक वाजवीत असूनही परीक्षकाच्या कानी तो अर्ध्या ठोक्याहून अधिक मागे पडला! यावर उपाय एकच : मागच्या रांगांनी कानावर न विसंबता पथकप्रमुखाच्या हाताकडे पाहून वाजवावे. आपली मुले कानावर विसंबली, आणि ढोल मोठे असल्यामुळे ती चूक मैदानभर ऐकू गेली.

या परीक्षणाचा फार बारीक विचार अमेरिकेत झालेला आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघांनी तेथे ढोल व बिगुलांची पथके उभारली, व त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. पुढे तरुणांच्या पथकांनी ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही आपली स्वतंत्र संस्था काढली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिन प्रांतातील व्हाइटवॉटर येथे झाली. त्या काळी वादन व संचलन यांचे गुण वजाबाकीने पडत. परीक्षक रांगांतून फिरे, आणि एखाद्याची काठी चुकली, पाऊल चुकले की कागदावर खूण करी; दर खुणेस एक दशांश गुण वजा. पद्धत दिसावयास मोठी न्यायाची. परंतु जो सोपे वाजवील त्याच्या चुका कमी, आणि जो कठीण गत घेण्याचे धाडस करील त्याचे गुण कापले जाणार, असा तिचा कल होता. आपल्या शुद्धलेखनाच्या वह्यांतही हे दिसते : चूक होईल या भीतीने मुले जोडाक्षराचे शब्दच टाळतात. १९८३ च्या हंगामानंतर त्या संस्थेने ही वजाबाकी सोडली.

आता तेथे गुण चढत्या क्रमाने देतात. एकूण १०० पैकी एकंदर परिणामास ४०, दृश्य अंगास ३० व संगीतास ३०. दृश्य अंगाचे तीन तक्ते असतात : संचलनातील सफाई, दृश्यरचना व निशाणधारी. प्रत्येकास २० गुण. बेरीज ६० झाली की तिचे अर्धे करतात. संगीताचेही तसेच : पितळी वाद्ये, तालवाद्ये व एकत्रित संगीत. प्रत्येक तक्त्यात दोन प्रश्न वेगळे ठेवलेले असतात : पथकाने वाजवावयास काय घेतले, आणि ते कसे साधले? त्यामुळे कठीण गत घेऊन थोडे चुकणाऱ्यावर पूर्वीसारखा अन्याय होत नाही. ज्या पथकाचे नावच ढोलावरून पडले, त्यात तालवाद्यांच्या तक्त्याकडे शेवटी शंभरांपैकी दहाच गुण येतात, ही गोष्ट फाटकातील पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. शंभरांपैकी शंभर तेथे कोणासच मिळालेले नाहीत. २०१४ साली ‘ब्लू डेव्हिल्स’ पथकास ९९.६५ गुण पडले, तो उच्चांक होय. इतके दशांश-शतांश मोजूनही १९९६, १९९९ व २००० या तिन्ही साली पहिला क्रमांक दोन पथकांत विभागून द्यावा लागला.

परीक्षकांच्या जागाही ठरलेल्या असतात. रांगा सरळ आहेत की नाहीत हे उंचावरूनच दिसते. एकेकाचे हात मात्र जवळून पाहावे लागतात. आमच्याकडे परीक्षकांची खुर्ची पाहुण्यांच्या रांगेत मांडतात. तेथून पहिली रांग तेवढी दिसते, आणि मध्ये हारतुरे!

स्कॉटलंडात पाइप बँडांची मोठी स्पर्धा ग्लासगो शहरी होते. तेथे चार परीक्षक असतात : दोघे पाइपवादनासाठी, एक ढोलांसाठी व एक सर्व वाद्यांच्या मेळासाठी. गुणांची नव्हे, क्रमांकांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. बरोबरी झाल्यास मेळाच्या परीक्षकाचा क्रमांक निर्णायक. आपल्या देशात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीस शालेय बँडांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तीत मुलांचे व मुलींचे ब्रास बँड आणि पाइप बँड असे चार वर्ग निरनिराळे ठेवले आहेत. जानेवारी २०२५ च्या अंतिम फेरीत अशी १६ पथके होती. पितळी तुतारी व पाइप एकाच तराजूत घालीत नाहीत, हे योग्यच.

क्रमांक व गुण यांतील भेद मला पुस्तकातून कळला नाही; एका अपराधातून कळला. काही वर्षांपूर्वी एका लहानशा स्पर्धेत मी तिघा परीक्षकांपैकी एक होतो. सोयीसाठी दोन पथकांस अ व ब म्हणू. अ पथकाच्या प्रवेशाने मी इतका भारावलो की त्यास ९० गुण देऊन बसलो, आणि ब पथकास ६०. उरलेल्या दोघा परीक्षकांनी अ पथकास ७२ व ७०, तर ब पथकास ७५ व ७६ दिले होते. बेरीज करा : अ २३२, ब २११. तिघांपैकी दोघांच्या मते ब सरस होते. तरी ढाल अ पथकाने नेली. क्रमांकांची बेरीज केली असती तर अ पथकाचे ५ व ब पथकाचे ४ होऊन निकाल उलटा लागला असता. दोघे जण मोजूनमापून तीन-सहा गुणांचा फरक करीत होते, आणि माझ्या एकट्याच्या तीस गुणांनी त्यांची मते धुवून नेली. हे मला उमगले ते घरी आल्यावर, रात्री सहज आकडे मांडून पाहताना. ब पथकाची मुले तोवर टेम्पोत बसून गावी पोहोचली असतील. मी संयोजकांस दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिले. पण ढाल वाटली गेली होती.

यंदा आम्ही सरावाची रीत बदलली आहे. दोघे शिक्षक शाळेच्या गच्चीवर बसतात, एक मैदानात फिरतो. आणि अमेरिकेतील परीक्षकांप्रमाणे जे दिसेल व ऐकू येईल ते वाजत असतानाच मोबाइलवर बोलून ठेवतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुले ते ऐकतात. एका शनिवारी त्या फाटकातील पालकांसही मी गच्चीवर बोलाविले. पहिली पाच मिनिटे मोबाइलमध्ये त्यांचा आवाजच नाही. मग एकाएकी ऐकू येते : ‘‘मास्तर, मागचा ढोल उशिरा पडतोय की!’’ त्यांचे चिरंजीव मागच्याच रांगेत आहेत.