मरायला टेकल्याशिवाय डायलिसिस नाही

किडन्या पूर्ण निकामी झाल्या की साधारणपणे आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागतं. अमेरिकेत १९७२च्या कायद्याने हा खर्च जवळजवळ सगळ्या नागरिकांसाठी सरकारने उचलला, अगदी तरुण रुग्णांचासुद्धा. देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्यांना मात्र त्यात जागा नाही. त्यांच्या वाट्याला येतो १९८६चा दुसरा कायदा: इमर्जन्सीच्या दारात जो येईल त्याला तपासा आणि जीवावरचा धोका टळेल एवढं करा. मी मूळची मिरजेची, पेशाने नर्स. टेक्सासमधल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागात काम करताना या दोन कायद्यांमधल्या फटीत अडकलेली माणसं मी रोज पाहिली.

माणूस धापा टाकत येतो. आम्ही ईसीजी काढतो, पोटॅशियम बघतो. आकडा पुरेसा वाईट असेल तर मशीन लावतो, नसेल तर घरी पाठवतो. छातीत पाणी भरलेलं, पाय सुजलेले, तरी आकडा ‘बरा’ म्हणून परत! काही रुग्ण मग येण्याआधी मुद्दाम संत्र्याचा रस पिऊन, केळी खाऊन यायचे. पोटॅशियम वाढावं, दार उघडावं म्हणून. हे जीवाशी खेळणं आहे हे त्यांनाही कळत होतं.

या लोकांची बाजू मांडायला मग मीही उतरले. त्या कामात जे डोळ्यांसमोर घडलं ते इथे सांगते, कारण आपली बरीच मुलंमुली आता इथल्या दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत, समाजसेवी संस्थांत आहेत आणि चांगल्या मनाने याच वाटेला लागतात.

पहिला धोका अश्रूंचा. आमच्या भागातल्या एका संस्थेने (नाव घेत नाही) एका रुग्णाला कॅमेऱ्यासमोर बसवलं. छपरं घालण्याचं काम करणारा होंडुरासचा माणूस, दोन मुलांचा बाप. बातमी छान झाली, लोक हळहळले. पण त्यात त्याचं पहिलं नाव होतं, चेहरा होता, मागे घराची भिंत दिसत होती. त्यानंतर तो हॉस्पिटलला यायचाच बंद झाला. शेवटी रुग्णवाहिकेतून आला, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत. वाचला, पण त्या बातमीने नियमातलं एक अक्षरही हललं नव्हतं. तेव्हापासून माझा शिरस्ता असा: रुग्णाची गोष्ट सांगायची ती नाव, गाव, धंदा बदलून, त्याला आधी वाचून दाखवून, आणि ‘नको’ म्हणायला त्याला खरोखर मोकळीक देऊन. ज्या नर्सकडून सुई टोचून घ्यायची तिला कोण नाही म्हणणार? म्हणून विचारणारी व्यक्ती आपल्या विभागाबाहेरची असावी.

मग काम होतं कशाने? कोलोरॅडोचं उदाहरण मी सगळ्यांना देते. डेन्व्हरच्या डॉक्टर लिलिया सर्व्हांतेस यांनी आधी या रुग्णांना बसवून त्यांचं बोलणं नोंदवलं. डॉक्टर-नर्सेसचंही नोंदवलं, कारण माणसाला परत पाठवताना पाठवणाराही आतून मोडतो. मग आकडे. २०१८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णांची तुलना छापली. सॅन फ्रान्सिस्कोत कागदपत्रं नसली तरी नियमित डायलिसिस मिळायचं, बाकी दोन ठिकाणी बहुतेकांना तातडीचंच. पाच वर्षांच्या हिशेबात तातडीवर जगणाऱ्यांचा मृत्युदर सुमारे चौदा पट निघाला. आजार एकच, यंत्रही एकच.

हे हातात घेऊन डॉ. सर्व्हांतेस राज्याच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि २०१९च्या फेब्रुवारीत कोलोरॅडोत या रुग्णांसाठी नियमित डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तातडीच्या आजारासाठी मेडिकेडचा (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) पैसा देणाऱ्या संघीय कायद्यात डायलिसिसला मनाई कुठेच नाही. लक्षणं इतकी तीव्र की ताबडतोब उपचार न मिळाल्यास प्रकृती गंभीर धोक्यात येईल किंवा एखाद्या अवयवाचं काम गंभीरपणे बिघडेल, ती तातडी, असं तो म्हणतो. निकामी किडन्या त्यात बसतात की नाही, हे राज्यं आपापल्या परीने ठरवतात. कोलोरॅडोने बसतात म्हटलं. तेव्हा मोर्चाची पाटी रंगवण्याआधी नियम मुळातून वाचा आणि कोणत्या टेबलावरची सही बदलली की काम होईल, ते शोधा. बऱ्याचदा ते टेबल विधानसभेत नसतंच.

पैशाचं बोलायला लाजू नका. तातडीच्या डायलिसिसमध्ये दरवेळी इमर्जन्सीचा खर्च, बहुतेकदा एक-दोन रात्री खाट, कधी आयसीयू. डलासमध्ये नियमित आणि तातडीच्या डायलिसिसची तुलना झाली तेव्हा नियमित स्वस्त पडलं आणि माणसंही जास्त जगली. करुणेने न हलणारा अधिकारी या वाक्यावर चष्मा पुसतो, असा माझा अनुभव आहे.

आता भीतीबद्दल. टेक्सासच्या राज्यपालांच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४पासून हॉस्पिटलांना रुग्णाला विचारावं लागतं, तुम्ही देशात कायदेशीर आहात का. उत्तर देणं सक्तीचं नाही. उत्तरावर उपचार अवलंबून नाहीत, हे रुग्णाला सांगावं लागतं. पण गडबडीत ते पुटपुटून सांगितलं जातं. ते मोठ्याने, त्याच्या भाषेत, प्रश्नाच्या आधी सांगायला हवं. जानेवारी २०२५मध्ये हॉस्पिटल, शाळा, चर्च इथे धरपकड टाळण्याचं केंद्राचं धोरण मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये काही राज्यांतल्या मेडिकेड लाभार्थ्यांची माहिती इमिग्रेशन खात्यापर्यंत गेल्याचं उघड झालं. म्हणून ‘घाबरू नका, काही होत नाही’ हे वाक्य मी तोंडातून काढत नाही. काय माहिती आहे, काय विचारलं जाईल आणि कुठल्या प्रश्नाला गप्प बसता येतं, एवढंच सांगते. खोटा दिलासा एकदा उघडा पडला की अख्खी वस्ती तुमच्याकडे पाठ फिरवते.

वस्ती म्हणजे तरी कोण? नुसतं ‘लॅटिनो’ म्हणून भागत नाही. २०२०च्या जनगणनेत लॅटिनो ६ कोटी २१ लाख होते, देशाच्या १८.७ टक्के. प्वेर्तो रिकोचा माणूस जन्मतः नागरिक, त्याला यातलं काहीच लागू नाही. ग्वातेमालाच्या डोंगरातून आलेल्या बाईला कदाचित स्पॅनिशच धड येत नसेल. ती किचे किंवा माम बोलते आणि स्पॅनिश दुभाष्यासमोर नुसती मान डोलावते. मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरून चालू नका, तिला परत सांगायला लावा. आणि दहा वर्षांच्या पोराला आईच्या आजाराचा दुभाषी करू नका. संघीय नियमांनुसार जीवावरची तातडी सोडली तर ते चालत नाही, तरी सर्रास चालतं.

आमच्या महाराष्ट्र मंडळात हा विषय निघाला की कुणी काका हमखास म्हणतात, “आम्ही रांगेत उभे राहून आलो, यांचं फुकट का?” मी वाद घालत नाही. टेक्सासमधली जिल्ह्यांची सरकारी हॉस्पिटलं बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि भाडेकरू तो कर भाड्यातून भरतोच, एवढं सांगते. काका कधी गप्प बसतात, कधी नाही.

पुढची लढाई प्रत्यारोपणाची आहे आणि तिथे मला जास्त आशा वाटते. भाऊ किंवा बहीण किडनी द्यायला तयार असते. कागदपत्रं नाहीत म्हणून प्रत्यारोपण करू नये असा राष्ट्रीय नियमही नाही. घोडं अडतं ते पैशापाशी: शस्त्रक्रिया आणि नंतर ती किडनी टिकवायला कायमची लागणारी औषधं. शिकागोत त्यासाठी लोकांनी उपोषणं केली आणि २०१४मध्ये इलिनॉय राज्याने हा खर्च द्यायचं ठरवलं. यशस्वी प्रत्यारोपण काही वर्षांतच डायलिसिसपेक्षा स्वस्त पडतं. आमच्या जिल्ह्यासाठी हा हिशेब मांडायचा तर हॉस्पिटलचे खर्चाचे आकडे लागतात, आणि ते सार्वजनिक संस्थेचे असल्यामुळे माहितीच्या कायद्याखाली लेखी मागता येतात. अर्ज करताना रुग्णांच्या नोंदी मागू नका, फक्त एकूण बेरजा मागा.