विचारा, आणि बघासुद्धा

तायांनो, नवी सेवा सुरू करताना आपण घरोघर विचारतो, "घ्याल का?" सगळ्या "हो" म्हणतात. पुढे गिऱ्हाईक फिरकत नाही.

केनियातलं बघा. 2005 मध्ये सफारीकॉम कंपनीने कर्जगटांतल्या सुमारे 500 जणांना मोबाईलवरून हप्ता भरायची सोय देऊन चाचणी घेतली. लोक ती कशी वापरतात, हेही बघितलं. लोक हप्ता भरत होतेच, पण त्याच सोयीने एकमेकांना पैसेही पाठवत होते! म्हणून 2007 मध्ये 'घरी पैसे पाठवा' असं सांगत एम-पेसा सुरू झालं आणि देशभर पसरलं. (फोनवर हप्ता भरला तर मीटिंगला कोण येणार, ही काळजी तिथेही होतीच.)

आता आपलं मिरची कांडप घ्या. किती घरं, वर्षाला किती किलो, सध्या दर काय, हे विचारून वहीत लिहा. यंत्र केवढं घ्यायचं ते त्यावरून ठरेल. मग परवानगी घेऊन दोन दिवस एखाद्या कांडपावर नुसतं बसा. बाई मिरची ठेवून जाते, की आपलीच परत मिळावी म्हणून शेवटपर्यंत उभी राहते? उभी राहत असेल, तर घरपोच सेवेसाठी गाडी ठरवण्याआधी तिच्यासाठी बाकडं आणि सावली करा.