अप्रत्यक्ष कथनाचे प्रत्यक्ष कथनात रूपांतर

‘सीता म्हणाली की मी उद्या येईन’ या मराठी वाक्यातील ‘मी’ म्हणजे सीताच होय. ‘की’नंतरही मराठीत वक्त्याचे शब्द बहुधा तसेच राहतात. इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात मात्र सर्वनाम, काळ आणि कालवाचक शब्द निवेदकाच्या दृष्टीने बदलतात. त्यामुळे रूपांतर करताना आपणांस मूळ वक्त्याच्या जागी उभे राहावे लागते.

उदाहरणार्थ, ‘सीता सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.’

१. ‘दॅट’ गाळून ‘सेड’नंतर स्वल्पविराम व अवतरणचिन्हे द्यावीत.
२. ‘शी’ म्हणजे सीताच असल्यास ‘आय’ योजावे.
३. ‘वुड’चे ‘विल’ आणि ‘द नेक्स्ट डे’चे ‘टुमॉरो’ करावे.

उत्तर : सीता सेड, “आय विल कम टुमॉरो.”

प्रत्येक वाक्याला मात्र एकच उत्तर नसते. ‘ही सेड दॅट ही हॅड पेड द फी’ यातील मूळ क्रियापद ‘पेड’ असेल किंवा ‘हॅव पेड’ही असेल. वाक्यात ‘द प्रीव्हियस डे’ असल्यास मूळ शब्द ‘यस्टर्डे’ ठरतो. त्याच्यासोबत पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. म्हणून ‘आय पेड’ असा साधा भूतकाळ घ्यावा.

अवतरणचिन्हांत घातलेले शब्द दुसऱ्याच्या तोंडचे ठरतात. म्हणून संदर्भ तपासल्याशिवाय ते निश्चित करू नयेत.

स्वयंअध्ययन प्रश्न : ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड’ याचे रूपांतर करा. प्रश्नार्थक रचनेत साहाय्यक क्रियापद कोठे येईल, हेही सांगा.