तापातील रक्ततपासणी आणि चिरकारी ल्युकेमियाचा रोगी

पावसाळा सरून क्षिप्रेचे पाणी ओसरू लागले की उज्जैनीत घरोघर तापाची हजेरी लागते. कोठे डेंग्यू, कोठे चिकुनगुनिया, कोठे नुसताच फ्लू. निरोगी माणूस आठवडाभर अंथरूण धरतो आणि पुन्हा कामास लागतो. परंतु ज्या घरात चिरकारी ल्युकेमियाचा, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा रोगी आहे, त्या घरास ताप उतरल्यावरही चैन पडत नाही. हाती आलेल्या रिपोर्टातील आकडे मागच्या आकड्यांशी जुळत नाहीत आणि 'रोग उलटला की काय' ही धास्ती सर्वांच्या मनात बसते. हा रिपोर्ट कसा वाचावा, याविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या रोगाची पहिली स्पष्ट वर्णने १८४५ साली एडिंबरोत बेनेट यांनी व बर्लिनमध्ये विरशौ यांनी केली. विरशौ यांनीच पुढे त्यास 'ल्युकेमिया', म्हणजे पांढरे रक्त, हे नाव दिले. त्याच्या चिरकारी रूपाचे मुख्य प्रकार दोन. लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी वाढतात तो लिम्फॅटिक प्रकार. हा बहुधा उतारवयात होतो. दुसरा मायलॉइड प्रकार आपल्या देशात अधिक आढळतो व पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात गाठतो. २००१ साली इमॅटिनिब नावाची गोळी प्रचारात आल्यापासून या दुसऱ्या प्रकारचे पुष्कळ रोगी वर्षानुवर्षे संसार व नोकरी सांभाळून आहेत.

आता विषाणू शरीरात शिरला म्हणजे रक्तात काय होते ते पाहू. पेशी तयार होतात त्या हाडांच्या पोकळीतील मगजात. विषाणूच्या हल्ल्यात मगजाचे हे काम काही दिवस मंदावते. तयार पेशींपैकी काही लढाईत खर्ची पडतात, काही पाणथरीत अडकतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी प्रथम उतरतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठविणारे कण, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान खाली जातात व मग आपोआप चढू लागतात. उलट काही विषाणूंच्या तापात लिम्फोसाइट वाढतात, कारण विषाणूंशी झुंजण्याचे काम त्यांचेच. निरोगी माणसाचे मगज ही तूट लवकर भरून काढते. ल्युकेमियाच्या रोग्याचे मगज आधीच रोगाने वा औषधाने दमलेले असते. त्याची घसरण खोल जाते व भरपाईस वेळ लागतो.

घोटाळा होतो तो येथेच. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या निरोगी माणसात दर घनमिलिमीटरला ४,००० ते ११,००० असते. समजा, लिम्फॅटिक प्रकारच्या एका रोग्याची नेहमीची संख्या ४०,००० आहे व त्यांत न्यूट्रोफिल शेकडा ५ आहेत. म्हणजे जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल झाले २,०००. हे पुरेसे आहेत. ताप आला आणि एकूण संख्या २०,००० झाली, न्यूट्रोफिल शेकडा २ राहिले. घरची मंडळी म्हणतील, 'वा, संख्या निम्मी झाली, औषध लागू पडले!' नवखा डॉक्टर म्हणेल, 'पांढऱ्या पेशी वाढलेल्या आहेत, हा डेंग्यू नव्हे.' पण हिशेब करा: २०,००० चे शेकडा २ म्हणजे अवघे ४००. पाचशेच्या खाली न्यूट्रोफिल गेले की साधा जंतूही प्राणावर बेतू शकतो. एकूण आकडा भरघोस आणि घराचे पहारेकरी मात्र गायब, अशी ही स्थिती. म्हणून एकूण संख्येस शेकड्याने गुणून आलेला आकडा पाहावा, आणि तो रिपोर्टावर छापलेल्या निरोगी माणसाच्या मर्यादेशी नव्हे, तर रोग्याच्या स्वतःच्या मागील आकड्यांशी ताडून पाहावा.

संख्या वाढलेली दिसली तरी हीच सावधगिरी हवी. लिम्फोसाइट किती महिन्यांत दुप्पट होतात, यावरून हा रोग किती वेगाने चालला आहे याचा अंदाज तज्ज्ञ करतात. परंतु त्या हिशेबात संसर्गाच्या दिवसांतील आकडा धरू नये, असा त्यांचा नियम आहे. रोगाचे निदान करतानासुद्धा वाढ निदान तीन महिने टिकली पाहिजे, अशी अट आहे. तापाने चढलेली संख्या बहुधा काही आठवड्यांत खाली येते. म्हणून ताप गेल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा तपासणी करावी.

तांबड्या पेशींवर नेमका घाला घालणारा पार्व्हो बी-१९ हा विषाणूही लक्षात ठेवण्याजोगा आहे. (तपासणीच्या 'बी' पाटीवरील १९ क्रमांकाच्या नमुन्यात तो सापडला, एवढाच त्या विचित्र नावाचा अर्थ.) निरोगी माणसास पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती उणावलेल्या रोग्याचे हिमोग्लोबिन मात्र त्याने आठवडे न् आठवडे खाली राहू शकते.

मायलॉइड प्रकारच्या रोग्यांची अडचण निराळी. गोळीनेही पेशी कमी होतात आणि विषाणूनेही. प्लेटलेट उतरलेल्या पाहून पुष्कळ घरांत गोळी परस्पर बंद केली जाते, हे आम्हास अत्यंत घातक वाटते. क्वचित ती थोडे दिवस थांबवावी लागते, पण तो निर्णय तज्ज्ञांचा. रोग काबूत आहे की नाही हे ताप-काळातील पेशींच्या संख्येवरून ठरत नाही. त्यासाठी बीसीआर-एबीएल ही वेगळी तपासणी असते. पपईच्या पानांचा रस, गुळवेल इत्यादी उपायही डॉक्टरांस विचारल्यावाचून देऊ नयेत.

ताप १००.४ अंशांवर गेला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये. तापासाठी पॅरासिटॅमॉल चालते, पण तेही न्यूट्रोफिल कमी असलेल्या रोग्यास डॉक्टरांशी बोलून द्यावे, कारण उतरलेला ताप संसर्ग झाकतो. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन डेंग्यूच्या शंकेत देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. हिरड्यांतून रक्त, काळे शौच, पोटात सतत कळ, अंगावर लाल ठिपके, यांपैकी काही दिसल्यास आकडा काय आहे याचा विचार न करता निघावे.

आपल्याकडील बरेच रोगी इंदूरला वा अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात दाखवितात. ताप मात्र येतो तो येथे, घरी. गावातील डॉक्टरांजवळ मागचे काहीच नसते. यासाठी एक साधी वही करावी: तारीख, हिमोग्लोबिन, एकूण पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल व लिम्फोसाइटचे शेकडे, प्लेटलेट, चालू गोळी व तिची मात्रा, आणि त्या दिवशी ताप होता की नाही. शेवटचा रकाना बहुतेकजण गाळतात. फ्लूची लस रोग्याने व घरच्यांनीही दरवर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. लिम्फॅटिक प्रकारात लसीचा गुण कमी येतो, तेव्हा घरच्यांनी ती घेणे अधिकच अगत्याचे. जिवंत विषाणूंपासून केलेल्या लसी रोग्यास देत नाहीत. म्हणून लस टोचणाऱ्यास रोगाचे नाव आधी सांगावे व टोचल्याची तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी.