प्रतिजैविकानंतरचा अतिसार

दाढेच्या मुळाशी झालेले गळू क्लिंडामायसिनने पुरते बसले, सूज उतरली, जेवणखाण पूर्ववत सुरू झाले, आणि औषधाची मुदत संपून काही आठवडे लोटल्यावर, त्या गोळ्यांचे स्मरणही घरात कुणाला उरले नव्हते अशा वेळी, मला अतिसाराने गाठले. बारीक ताप, पोटात मुरडा आणि रात्री झोपू न देणारे पाण्यासारखे जुलाब, ही लक्षणे पाहून घरात बाहेरच्या खाण्यालाच दोष देण्यात आला आणि भाताच्या पेजेवर व डाळिंबाच्या रसावर भिस्त ठेवली गेली. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी कळकळीने जुलाब बांधणारी गोळी आणून दिली; पत्नीने ती मला घेऊ दिली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन, कारण या विकारात आतड्यांची हालचाल मंदावली की आतले विष आतच कोंडून राहण्याचा धोका असतो.

इस्पितळातील तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहण्यापूर्वीच विचारले, "काका, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?" पत्नीने चिठ्ठ्यांच्या पिशवीतून क्लिंडामायसिनची लाल रेघेची रिकामी स्ट्रिप काढून त्यांच्या हाती दिली, आणि साध्या जुलाबाची तपासणी तेथेच संपून शौचाच्या नमुन्यातील विषाची परीक्षा करण्याची तजवीज झाली.

त्या परीक्षेत ज्याचे विष सापडले, तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (अलीकडे क्लॉस्ट्रिडिऑइडिस) हा जंतू 1935 साली नवजात अर्भकांच्या शौचात प्रथम आढळला. परंतु प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या तीव्र आंत्रदाहाचे मूळ त्याच्यात आहे, हे सिद्ध व्हायला 1978 साल उजाडावे लागले. मोठ्या आतड्यात नांदणाऱ्या असंख्य उपकारक जंतूंचा प्रतिजैविकाने संहार झाला, की त्या ओसाड मुलखात हा जंतू फोफावतो, आणि त्याच्या विषाने आतड्याचे अस्तर सोलवटून त्यावर पिवळसर पापुद्रे धरतात. क्लिंडामायसिनचाच हा गुण नव्हे. सेफॅलोस्पोरिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे, इतकेच काय, नित्याचे अमॉक्सिसिलिनही यास कारण होते, आणि साठी-पासष्टी उलटलेल्यांस भय अधिक. याचा इलाजही प्रतिजैविकानेच व्हावा याचे मला नवल वाटले. पण व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे घेतले असता रक्तात फारसे न मिसळता थेट आतड्यात काम करते, आणि तेच शिरेतून दिल्यास या रोगावर निरुपयोगी ठरते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की सर्दीपडशासाठी दुकानदाराकडून प्रतिजैविक मागू नये, डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले मात्र भीतीपोटी टाळू नये. आणि ते चालू असताना वा संपल्यानंतर दोन-तीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा अधिक पातळ जुलाब होऊ लागले, तर आधीच्या औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जाण्यात हयगय करू नये. जुलाब एकाएकी थांबून पोट फुगू लागले, तर तो उतार न समजता तत्काळ इस्पितळ गाठावे. शुश्रूषा करणाऱ्यांनी साबण व वाहत्या पाण्याने हात चोळून धुवावेत, कारण या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. शौचकूप ब्लीचने धुवावा. बरे झालेल्यांपैकी सुमारे पाचांत एकास हा रोग पुन्हा, बहुधा दोन महिन्यांच्या आत, उलटतो. तेव्हा इस्पितळाचे कागद तोवर तरी हाताशी असू द्यावेत, आणि पुढे कोणत्याही वैद्याने, दंतवैद्यानेसुद्धा, प्रतिजैविक लिहून देण्यापूर्वी ही कैफियत त्याच्या कानी घालावी.